कंबरनाथ महाराजांचा मणका

देवळात कमरेवर हात ठेवून विठोबा एकटाच उभा असतो. त्या रविवारी रोह्याबाहेरच्या बंद भातगिरणीपुढं असे दोन-अडीचशे विठोबा रांगेत उभे होते. कुणी वाकलेला, कुणी एका बाजूला कललेला, कुणी टेम्पोतून गादीसकट उतरवलेला. पेणच्या खाडीकडचे मिठागरवाले होते, नागोठण्याचे, कोलाडचे होते, कंपनीतून नाईट शिफ्ट करून तसेच आलेले होते. रांगेच्या कडेला भजी, शहाळी आणि महाराजांनी फुंकर घातलेलं तेल. एकजण तर कमरेचे पट्टे विकत होता. महाराज कंबर बरी करणार, मग तुझा पट्टा कशाला, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, धंद्याच्या टायमाला डोकं खाऊ नका."

महाराजांचं पूर्ण नाव होतं श्री श्री अदृश्यशस्त्रधारी कंबरनाथ महाराज. हे नाव उच्चारायलाच धडधाकट कंबर लागते. अंगात पांढरा कोट, म्हणजे डॉक्टर. गळ्यात रुद्राक्ष, म्हणजे साधू. हातात माइक, म्हणजे खरा धंदा काय ते.

"मुंबईचा डॉक्टर काय करतो?" महाराज ओरडले.

"कापतो!" रांग ओरडली.

"आम्ही काय करतो?"

"बोलावतो!"

"मणका म्हणजे कोण? मणका म्हणजे कैदी! कैद्याला कुणी चाकू दाखवतं का? त्याला प्रेमानं हाक मारायची, 'ये बाळा.' की तो येतो! ह्याला म्हणतात आत्मिक लेसर. अमेरिकेत अजून शोध लागतोय, आमच्याकडं द्वापारयुगापासून चालू आहे. गॅरंटी किती टक्के?"

"शंभर टक्के!"

मी चंद्रावती. पेणला गणपतीच्या कारखान्यात बावीस वर्षं साचे भरते आणि माल घासते. माझं शिक्षण सातवी, तोंड मात्र बरंच शिकलेलं. मी इथं हौसेनं आले नव्हते. माझा धाकटा भाऊ जनू आणि त्याची बायको मालू रांगेत होती, आणि त्यांना एकटं सोडायला मन होत नव्हतं.

जनू रोह्याच्या बाजूला एका कंपनीत ठेकेदाराकडं पोती उचलायचा. सहा वर्षं त्याची कंबर दुखत होती. तेल चोळायचा, गोळी खायचा, पुन्हा पोत्याखाली जायचा. पण दिवाळीपासून दुखणं कंबर सोडून डाव्या पायात उतरलं. मांडीमागून कळ निघायची ती थेट अंगठ्यापर्यंत. मी त्याला धरून पेणला म्हात्रे डॉक्टरणीकडं नेलं. तिनं त्याला टाचांवर चालायला सांगितलं. उजव्या पायाचा पंजा वर झाला, डाव्याचा होईना. जनू स्वतःच पायाकडं बघत राहिला, जणू तो दुसऱ्याचा होता.

मुंबईला मोठ्या सरकारी इस्पितळात एमआरआय झाला. दोन मणक्यांमधली गादी सरकून शीर दाबत होती. सत्तावीस फेब्रुवारी, मंगळवार, ही ऑपरेशनची तारीख मिळाली. सोमवारी भरती व्हायचं होतं. म्हात्रे डॉक्टरणीनं आम्हांला समोर बसवून सांगितलं, "नुसती कंबर दुखत असती ना, तर मीच म्हटलं असतं, ऑपरेशनचं नाव काढू नका. शंभरातल्या बहुतेकांची कंबर चाकूशिवाय बरी होते. पण ह्यांच्या पायाची ताकद चाललीय. ती एकदा गेली की परत येईलच असं नाही. ऑपरेशननं पायाची कळ जाण्याची शक्यता चांगली आहे. पंजा किती सुधारेल ते आत्ता सांगता येत नाही. कंबर थोडी दुखत राहील कदाचित. आणि शंभरातल्या तिघाचौघांना काहीतरी त्रास होतो, तेही ऐकून ठेवा."

एवढं सरळ बोलली बिचारी, आणि तिथंच फसली. बाहेर आल्याआल्या मालू म्हणाली, "बघा वन्सं, डाक्टरणीलाच खात्री नाय! 'शक्यता', 'कदाचित', 'सांगता येत नाही'. आनि त्या महाराजांची शंभर टक्के गॅरंटी हाय."

म्हणून आम्ही भातगिरणीत होतो.

जनूचा नंबर आला. त्याला टेबलावर पालथा निजवला. शिष्यानं त्याच्या उघड्या पाठीवर मूठभर भंडारा चोळला. महाराजांनी तांब्यातल्या तीर्थात हात बुडवले, कापसाचा मोठा बोळा घेतला, वरून पांढरा रुमाल पसरला आणि जनूच्या कमरेत बोटं रोवली. "ये बाळा, ये! लाजू नको!" लाल ओघळ जनूच्या बरगडीवरून टेबलावर आला. बायका किंचाळल्या. महाराजांनी हात झटक्यात वर केला, आणि स्टीलच्या ताटात टण्णकन काहीतरी पडलं. सुपारीहून जरा मोठं, पांढरं, लाल माखलेलं. मग रुमालानं पाठ पुसली. जखम नाही, टाका नाही, ओरखडासुद्धा नाही.

खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. मी मागं उभी होते, मध्ये पन्नास डोकी, आणि रक्त हे रक्तासारखं दिसत होतं. जनू उठून बसला आणि म्हणाला, "हलका वाटतंय, ताय." मालू रडत महाराजांच्या पायावर पडली. महाराजांनी तो मणका तिच्या पदरात घातला आणि पथ्य सांगितलं. मणका देव्हाऱ्यात ठेवायचा. दर रविवारी इथं अभिषेकाला आणायचा. आणि एकवीस दिवस डॉक्टरचं तोंड बघायचं नाही. बघितलं, तर मणका चिडून परत आत जातो.

मी बोटं मोजली. अकरा तारखेपासून एकवीस दिवस. मंगळवार सत्तावीस बरोबर मध्ये येत होता.

मी मालूला म्हटलं, "अगो, तारीख चुकेल. परत कधी मिळेल कोण जाणे."

"आता तारीख कशाला, वन्सं? मणका माझ्या पदरात हाय!"

मला रक्ताचं उत्तर माहीत नव्हतं. मी एसटीनं पेणला आले आणि स्वतःवर चिडत माल घासत राहिले.

बारा दिवसांनी, शुक्रवारी, राहवेना म्हणून जनूच्या गावी गेले. कोलाडच्या अलीकडं त्यांचं घर. जनू ओटीवर बसला होता. मला बघून उठला, हसला, "ताय, एकदम फस्कलास!" म्हणाला आणि पाणी आणायला आत गेला. डावी चप्पल उंबऱ्याशीच राहिली. तो तसाच चालत गेला, एका पायात चप्पल, दुसरा उघडा. त्याला कळलंच नाही.

मी चप्पल उचलून हातात धरली. तो तांब्या घेऊन आला तेव्हा ती त्याच्यापुढं केली. त्यानं आधी चपलेकडं बघितलं, मग पायाकडं, आणि नजर फिरवली.

मालू मात्र खुशीत होती. "वन्सं, गेल्या रविवारी अभिषेकाला नेलता मणका. दूध प्याला! चमच्यानं लावला की पितोय! समदे मणके पीत होते!"

मी जागेवरून उठले. सहा महिने झाले नव्हते, साऱ्या देशानं गणपतीला चमच्यानं दूध पाजलं होतं. पेणला आम्ही कारखान्यातल्या बाया तेव्हा पोट धरून हसलो होतो. कोरं, रंग न लावलेलं प्लास्टर किती पाणी पितं ते आम्हांला कुणी शिकवायला नको. रंगाचा पहिला हात ते गटागट पिऊन टाकतं, म्हणून तर मालक आमच्यावर डाफरतो.

"मालू, दाखव गो तो मणका."

"पाय धुऊन या."

पाय धुतले, हात जोडले, मणका उचलला. हातात घेताच कळलं. भाजीवाली वांगं हातात घेऊन किडकं ओळखते, तसं. वजन आमच्या मालाचं. कडेनं नख ओढलं, पांढरी भुकटी पडली. मालू ओरडली, "वन्सं! देवाला नखं लावू नका!" पण माझा अंगठा पुढं गेला होता. बरोबर मध्यावर चारी बाजूंनी बारीक रेघ. साच्याचे दोन भाग जिथं जुळतात, तिथली जोडाची रेघ. आम्ही ती घासून काढतो. ह्या मेल्यानं ती तशीच ठेवली होती. खरं सांगते, फसवणुकीआधी मला त्या आळसाचाच राग आला. बावीस वर्षं मी जोड घासतेय, आणि हा महाराज न घासलेला माल देवाच्या नावानं बाहेर पाठवतो!

आणि खालच्या अंगाला, डावीकडं, मुगाएवढी एक पुटकुळी होती.

पुटकुळी म्हणजे काय ते सांगते. साच्याला आतून खड्डा पडला की त्यातून निघणाऱ्या प्रत्येक नगावर तिथंच उंचवटा येतो. आमच्याकडं उंदरांचा एक साचा आहे, त्यातल्या प्रत्येक उंदराच्या शेपटीवर फोड असतो. आठ वर्षं मी उंदरांचे फोड काढतेय. मालक साचा बदलत नाही.

"मालू, गावात अजून कुणाचा मणका काढलाय?"

"शेजारच्या गोदूबाईचा."

गोदूबाईचा मणका आणला. रेघ तीच. पुटकुळी तिथंच. मी दोन्ही मालूच्या तळहातावर ठेवले. तिनं अंगठा फिरवला, परत फिरवला आणि म्हणाली, "एकाच महाराजांनी काढलेत, म्हंजे सारखेच असणार की!"

आता ह्यावर कपाळ बडवायचं की भिंत?

"अगो, गोदूबाई सत्तर वर्षांची, हाताएवढी बाई. जनू असा ताडमाड. दोघांचा मणका एकच कसा? आणि दोघांनाही एकाच जागी पुटकुळी?"

मालूनं मणके खाली ठेवले. पण लगेच, "मंग रगत? रगत तर मी ह्या डोळ्यांनी बघितला. थांबा!" म्हणून ती आतून एक पुडी घेऊन आली. त्या दिवशी जनूची पाठ आपल्या पदराला बांधलेल्या फडक्यानं तिनं हळूच पुसून घेतली होती आणि ते फडकं न धुता जपून ठेवलं होतं. पवित्र रक्त म्हणून. तिनं पुडी सोडली.

फडकं पिवळं होतं.

दर महिन्याला रक्ताचे कपडे धुणाऱ्या बाईला रक्ताचा डाग वाळल्यावर कसा दिसतो ते सांगावं लागत नाही. तो काळपट होतो, तपकिरी होतो. पिवळा होत नाही. पिवळं काय असतं तेही तिला ठाऊक होतं, रोज त्याच्यातच तिचा हात. ती मोरीवर गेली, फडक्याच्या कोपऱ्याला साबण चोळला. कोपरा लालभडक झाला. तिनं लिंबू पिळलं. पुन्हा पिवळा.

"हळद," मालू म्हणाली. आवाज अगदी बारीक निघाला. "भंडारा पाठीवर, आनि तांब्यात चुन्याचा पानी. हळदीकुंकवाचं कुंकू आमच्या आजीनं असंच केलं व्हतं." मग ती मोरीच्या काठावर बसली आणि रडायच्या ऐवजी महाराजांना अशा शिव्या दिल्या, की मी, जिचं तोंड पेणमध्ये प्रसिद्ध आहे, ऐकत राहिले.

मला वाटलं, झालं. आता जनू उद्या मुंबईला निघेल. पण जनू जागचा हलेना.

"जनू, प्लास्टर आहे रे ते. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"मग?"

तो पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. "ताय, मला ठावं व्हतं गो. दोन दिवसांतच ठावं झालं. कळ परत आली, पाय तर अजून सुन्न झालाय. पन डाक्टरीण म्हणाली, शंभरातल्या तिघाचौघांना त्रास होतो. मी तवापासून त्या तिघाचौघांतच बसलोय. निजलो की वाटतंय, टेबलावरून उठलोच नाय तर? महाराज म्हणाला, कायच होनार नाय. कोनीतरी असं म्हणायला पायजे व्हतं मला. म्हणून मानलं."

मला रडू आलं आणि रागही आला. कंबरनाथ जनूच्या कमरेत घुसला नव्हता, भीतीत घुसला होता. तिथं जागा मोकळी होती. आम्ही सगळ्यांनी त्याला 'ऑपरेशन कर, कर' म्हटलं, पण 'तुला भीती कसली वाटते' हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

शनिवारी सकाळीच त्याला म्हात्रे डॉक्टरणीकडं नेलं. डॉक्टरचं तोंड बघितल्यावर मणका कसा चिडतो ते बघू म्हटलं. ती जनूवर ओरडली नाही. तिनं पाय तपासला, आणि तिचा चेहरा गंभीर झाला. "पंधरा दिवसांत अजून उतरलाय," म्हणाली. मग हाडांचं चित्र काढून दाखवलं. "कमरेचा मणका जवळजवळ मुठीएवढा असतो. तो काढला तर माणूस उभा राहील कशावर? आणि तुमचा मणका नाही, गादी सरकलीय. म्हणजे महाराजांनी चुकीच्या घरात चोरी केली."

जनू त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

"आता विचारा," ती म्हणाली. "काय वाटेल ते विचारा."

जनूनं विचारलं. भूल देताना माणूस मरतो का? पाय लुळा पडतो का? नाही केलं तर काय? पोती परत उचलता येतील का? तिनं एकेकाचं उत्तर दिलं. काहींना "माहीत नाही" म्हणाली, काहींना "होऊ शकतं, पण क्वचित." शेवटच्याला म्हणाली, "पोती नाही. ऑपरेशन केलं तरी नाही, न केलं तरी नाही. दुसरं काम बघावं लागेल. आणि लघवी अडकली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच क्षणी इस्पितळ गाठायचं."

"मंग महाराजांकडं जाऊन काहीजन बरे झाले, ते कसे?" मालूनं विचारलं.

"कंबरदुखी लाटेसारखी असते. वाढते, उतरते. माणूस महाराजांकडं कधी जातो? असह्य झालं की. त्यानंतर ती तशीही उतरणारच असते. उतरण्याचं श्रेय महाराज घेतात. आणि ज्याची उतरत नाही, तो लाजून परत बोलत नाही."

जनूनं मान खाली घातली. मग वर केली आणि म्हणाला, "सोमवारी जातो मी. माझ्या मर्जीनं जातो."

त्याची गोष्ट तिथं सुटली. पण उद्या रविवार होता, आणि भातगिरणीपुढं अजून अडीचशे जण आपापली तारीख चुकवायला उभे राहणार होते. मी तडक कारखान्यात गेले. जनूचा मणका शाडूत दाबून चार साचे केले, पुटकुळीसकट, रेघेसकट. संध्याकाळपर्यंत चाळीस मणके पडले. आमच्या सवयीनं प्रत्येकात काथ्याचा एक तुकडा घातला. मूर्तीला बळकटी यावी म्हणून घालतात तसा. मालक म्हणाला, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "नवीन ऑर्डर आहे, देवाची."

रविवारी मी आणि मालू टोपली घेऊन भातगिरणीवर पोचलो. दारात शिष्यानं अडवलं.

"काय आहे?"

"अभिषेकाला मणके आणलेत."

"किती?"

"चाळीस."

"एकाच माणसाचे?"

"नाय हो. एकाच दुपारचे."

तो विचार करत राहिला तोवर आम्ही आत. पुढं तीसेक मंडळी ताटांत आपापले मणके घेऊन बसली होती, हातात दुधाचे चमचे. महाराज माइकवर होते. मी टोपली खाली ठेवली आणि माइकशिवाय ओरडले. साच्यांच्या ठोकाठोकीत बावीस वर्षं काढलेल्या बाईला माइक लागत नाही.

"मंडळी, दूध थांबवा! आपापला मणका हातात घ्या. उलटा करा. खालच्या अंगाला, डावीकडं अंगठा फिरवा. मुगाएवढी पुटकुळी लागते का बघा!"

शिष्य धावला, पण लोकांचे अंगठे आधीच फिरायला लागले होते. माणसाला अंगठा फिरवायला सांगितलं की तो फिरवतोच.

"हाय," कुणीतरी म्हणालं.

"माझ्या पन हाय."

"व्हय रे, हितंच!" हा रघू, पेणच्या खाडीकडचा मिठागरवाला. त्यानं शेजारणीचा मणका ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी दोन्ही चाचपले.

मानलं महाराजांना, एक क्षण फक्त डगमगले. मग हात वर करून गरजले, "ती आमची सही आहे! जो मणका आमच्या हाकेनं येतो, त्यावर दिव्य मुद्रा उमटते!"

आणि लोकांनी जयजयकार केला! सुटले बिचारे. फसलो म्हणण्यापेक्षा सही आहे म्हणणं किती सोपं. ह्या लोकांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं मला, पण सगळ्यांच्या कमरा दुखऱ्या.

मी टोपलीवरचं फडकं काढलं. "मग ही सही माझ्या मणक्यांवर कुठून आली, महाराज?" आणि रांगेत वाटत सुटले. "घ्या, मणका घ्या! रांगेत उभं राहायला नको, पालथं पडायला नको! घ्या काका, तुम्हांला दोन!"

"खोटे मणके!" महाराज किंचाळले. "पाखंडी बाई! खरा मणका आम्ही लाखांत ओळखतो!"

"लाख नाहीत, एवढेच आहेत. माझ्या भावाचा मणका तुम्ही काढलात. तो ह्या टोपलीत मिसळलाय. ओळखा."

आता मागं फिरता येईना. महाराजांनी डोळे मिटले, टोपलीवरून हात फिरवला, "ये बाळा" म्हटलं आणि एक मणका उचलून उंच धरला. "हाच! ह्याची कंपनं वेगळी आहेत!"

मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि गिरणीच्या दगडी पायरीवर आपटला. दोन तुकडे झाले, आणि मधून काथ्याची शेंडी बाहेर आली.

"महाराज, माणसाच्या हाडात नारळाचा काथ्या कधीपासून निघतो? हा मी काल पेणला केलाय. सगळ्या टोपलीत तुमचा एकही नव्हता." मी कनवटीचा जनूचा मणका काढला. "तुमचा हा. ह्याला काथ्या नाही. घासलेलाही नाही. तुमच्याकडं काम करायला चांगला माणूस नाही वाटतं."

रघूनं आपला मणका पायरीवर आपटला. आतून पांढरी भुकटी. मग दुसऱ्यानं आपटला. मग तिसऱ्यानं.

"पन रगत?" मागून एक म्हातारी म्हणाली. "रगत निघालं त्याचं काय?"

तेव्हा मालू पुढं झाली. ही मालू, जी दहा माणसांत पदर सोडत नाही. तिनं महाराजांच्याच ताटातला भंडारा मूठभर घेतला, आपल्या हातावर चोळला आणि त्यांच्याच तांब्यातलं तीर्थ वर ओतलं. कोपरापर्यंत लाल ओघळ आले. तिनं हात सगळ्यांना दाखवला.

"हे माझं रगत हाय का? मला कुटं कापलं? हळद हाय, चुना हाय! मणका कापसाच्या बोळ्यात दडवलेला हाय!" मग महाराजांकडं वळली. "माझ्या नवऱ्याचा पाय मरत व्हता रे. रोज थोडा थोडा मरत व्हता, आनि तू सांगितलंस, डाक्टरचं तोंड बघू नको. परवा त्याची तारीख हाय. ती चुकली असती तर तू आला असतास का त्याला धरून चालवायला? बोल!"

"आमची समाधीची वेळ झाली," असं म्हणून महाराज आत गेले. गिरणीच्या मागच्या दारी जीप उभी होती. समाधी थेट घाटापलीकडं लागली असावी, कारण नंतर ऐकलं की तिकडं ते आता मूतखडे बोलावतात. हुशार माणूस. लहान साचा, माल कमी.

सगळे लगेच शहाणे झाले, असं समजू नका. एक आजोबा माझ्यावरच तणतणले, "मंग आता आमचे मणके कोन काढनार?" आणि एका बाईनं काथ्याचा मणका पदरात बांधत मला हळूच विचारलं, "ताई, तुमचावाला किती दिवस पुजायचा?" मी तिथंच खाली बसले. माझीच कंबर दुखायला लागली होती.

रघू मात्र सोमवारी म्हात्रे डॉक्टरणीकडं गेला. तिनं तपासलं, पंजे उचलायला लावले, आणि ऑपरेशनची काही गरज नाही म्हणून सांगितलं. रोज चालायचं, ती सांगेल ते व्यायाम करायचे, मिठाच्या पाट्या उचलायची पद्धत बदलायची. त्याला जवळजवळ वाईटच वाटलं.

मंगळवारी जनूचं ऑपरेशन झालं. मी आणि मालू बाहेरच्या बाकावर बसून होतो, आणि ते तीन तास कसे गेले ते आम्हांलाच ठाऊक. भीती वाटली. खूप वाटली. ती वाटू नये म्हणून खोटं बोलणारं शेजारी कुणी नव्हतं, एवढंच. पायाची कळ दुसऱ्या दिवशीच गेली. पंजा दोन महिन्यांनी उचलायला लागला, पूर्ण नाही, पण बराचसा. कंबर अजून पावसाळी हवेत कुरकुरते. म्हणजे डॉक्टरणीनं 'शक्यता' आणि 'कदाचित' म्हणून जे जे सांगितलं होतं, ते ते शब्दाशब्दानं झालं. पोत्यांचं काम सुटलं. आता तो एका टपरीवर सायकली दुरुस्त करतो, मिळकत कमी आहे आणि मालू त्यावरून कटकट करते.

मला एवढंच सांगायचंय. ऑपरेशन करा असं मी म्हणत नाही, करू नका असंही म्हणत नाही. ते तुमच्या पायाला, तुमच्या फोटोला आणि खऱ्या डॉक्टरला विचारून ठरवा. एकाला विचारून पटलं नाही तर दुसऱ्याला विचारा. पण विचारा. प्रश्न विचारल्यावर जो थांबून उत्तर देतो, "हे मला माहीत नाही" असंही म्हणतो, त्याच्यापाशी बसा. जो शंभर टक्के म्हणतो, त्याचा माल हातात घ्या, उलटा करा आणि अंगठा फिरवून बघा. जोड घासलेला नसतोच.

गेल्या महिन्यात जनू कारखान्यात आला. मी उंदरांचे फोड घासत बसले होते. तो पायऱ्या चढून आत आला, माझ्याशी बोलला, चहा प्याला आणि निघाला. मी त्याच्या तोंडाकडं बघतच नव्हते, पायाकडं बघत होते. पायरीवरून उतरताना डावी चप्पल जरा सैल झाली. जनू थांबला, खाली बघितलं, पंजा उचलून चप्पल नीट सरकवली आणि पुढं चालू लागला.